वत्सलाबाईंनी दिलेला शब्द

फौजेतल्या माणसाच्या बायकोला खोली भाड्यानं द्यायला लोक का कू करतात, हे मला नाशिकला आल्यावर कळलं. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या, सृष्टीच्या, पप्पांची तोफखान्याची रेजिमेंट फिरोजपूरहून काश्मीरला, फील्डवर गेली. फील्डवर कुटुंब नेता येत नाही. माझं माहेर सिन्नरचं. पण मुलीची शाळा चांगली हवी, शिवाय देवळाली कॅम्पात मिलिटरीचा दवाखाना आणि कँटीन दोन्ही जवळ, म्हणून मी लॅम रोडच्या आसपास जागा बघायला लागले. प्रत्येक दारात तोच संवाद व्हायचा.

"मिस्टर कुठं असतात?"

"काश्मीरला."

"मग इथं तुम्ही एकट्याच?"

"मी आणि मुलगी."

आणि मग त्या खोलीत राहायला घरमालकांचा एखादा पुतण्या नेमका पुढच्याच आठवड्यात येणार असायचा.

वत्सलाबाई पगारेंच्या दारात हे उलटं झालं. अंगणात उकिडवं बसून त्या शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. वर न बघताच विचारलं, "नवरा फौजेत हाय का?"

मी धसका घेऊनच हो म्हटलं.

"मग हाय खोली. दुसऱ्या कुणाला मी देतच नाय." मग वर बघून म्हणाल्या, "चहा घेनार का आधी खोली बघनार?"

त्यांच्या घरामागं एका ओळीत तीन खोल्या होत्या. पुढं सामाईक अंगण, अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक, आणि फाटकाबाहेर देवळालीकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्यावरून दिवसभर मिलिटरीच्या गाड्या जायच्या. कधी लांब फायरिंग रेंजवर तोफा चालल्या की मांडणीवरची ताटं थरथरायची. नवी माणसं दचकायची. वत्सलाबाई हातानं ताट दाबून धरायच्या आणि बोलत होत्या ते वाक्य पुरं करायच्या.

त्यांचे यजमान सावळीराम पगारे, सगळ्यांचे तात्या, एकाहत्तरच्या लढाईत होते. पायात थोडा अधूपणा घेऊन आले, मग निवृत्त होईपर्यंत नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या गेटवर पहारेकरी होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू. थोरला मुलगा किशोर सातपूरला एका कंपनीत फिटर, तिकडेच राहायचा. बाईंनी तीन खोल्या बांधल्या त्या तात्यांच्या फंडातून, आणि त्याच वेळी ठरवलं की भाडेकरू फौजेचाच. "मी घोटीजवळच्या खेड्यात दिवस काढले," त्या सांगायच्या. "नवरा बॉर्डरवर. जयभीम घालायला सगळा मोहल्ला होता, पन पोराची शाळा, पोराचा ताप, मास्तराची भेट, सगळीकडं मी एकटी. तवा वाटायचं, माझ्यासारखी एक जरी शेजारी असती ना, तर मी तिच्या जिवावर हत्ती पाळला असता."

तर ही शेजारीण त्या स्वतःच झाल्या.

सृष्टी तेव्हा चौथीत गेली. तोवर ती फिरोजपूरच्या हिंदी-इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि इथं एकदम मराठी शाळा. घरात आम्ही मराठी बोलत असलो तरी पाढे तिला 'दो एकम दो' असेच यायचे. वर्गातली मुलं 'बे एके बे' म्हणायची आणि ही तोंड मिटून उभी. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास. बाकीच्यांना सगळे किल्ले तोंडपाठ, हिनं नावंही ऐकलेली नाहीत. मुलं तिला 'हिंदीवाली' म्हणायची. ती रडली मात्र नाही. फौजेच्या मुलांना रडायचा कंटाळा येतो बहुतेक; दर दोन वर्षांनी कुणीतरी नवीन नाव ठेवणारच हे त्यांना ठाऊक असतं. तिनं वत्सलाबाईंना फक्त एवढं विचारलं, "आजी, आम्ही इथं किती दिवस राहणार?"

"का गं? पळून जायचंय?"

"नाही. मैत्रीण करायची का नको, ते ठरवायचंय."

बाईंनी मान हलवली, जणू भाजीचा भाव विचारला होता. म्हणाल्या, "दोन वर्सं तरी हाय तू. एक मैत्रीण करून घे. दोन नको."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला एक काम लावलं. शाळेतून आली की तात्यांना पेपर वाचून दाखवायचा. तात्यांना दिसत नव्हतं हे खरं, पण तोवर ते काम बाई स्वतःच करत होत्या. पहिल्या महिन्यात एक बातमी संपायला पाऊण तास लागायचा. तात्या मध्ये मध्ये दुरुस्ती करायचे, "उनचास नव्हं गं बाय, एकोनपन्नास." दिवाळीपर्यंत ती पहिलं पान घडाघडा वाचायला लागली आणि सहामाहीत मराठीत वर्गात दुसरी आली. शाळेतल्या बाईंनी मला विचारलं, शिकवणी कुठं लावलीत? मी म्हटलं, तात्यांकडे.

वत्सलाबाईंचे काही नियम होते, ते त्या भाडेकरूंना पहिल्याच दिवशी सांगायच्या. पोराला कुणी 'आता घरातला कर्ता तूच' असं म्हणायचं नाही. शेजारच्या खोलीत सटाण्याकडची सविता राहायची. तिचा नवरा तोफखान्यातच ड्रायव्हर, मुलगा लखन दुसरीत. तिचे मामा एकदा आले आणि लखनच्या पाठीवर थाप मारून हेच म्हणाले. बाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात देता देता ऐकवलं, "कर्ता हाय तर मग लाइटबिल भरायला त्याच्यासंगं तुमीच जा, पावनं. त्याचा हात तिथं खिडकीला पुरत नाय." मामा चहा न घेताच गेले. सविता पदर तोंडाला लावून हसत होती.

दुसरा नियम, पालकसभेला आईनं जायचंच, आणि तिला बोलायची भीती वाटत असेल तर बाई सोबत येणार. सविताबरोबर त्या कितीदा तरी गेल्या. तिथं शाळेच्या बाकावर ऐसपैस बसायच्या आणि मास्तर बोलून झाले की म्हणायच्या, "आता हिचं ऐका."

असं एक वर्ष बरं गेलं. मग नव्व्याण्णवचा मे महिना आला.

कारगिलची बातमी पहिल्यांदा सृष्टीनंच वाचली, तात्यांना. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला, आणि तात्यांनी 'पुढं वाच' असं म्हटलं नाही. तेवढ्यावरून वत्सलाबाईंनी ठरवलं. त्या संध्याकाळी मला आणि सविताला बोलावून त्या म्हणाल्या, "हे बघा, आपन जागं राहू, रडू, काय करायचं ते करू. पोरांना यातलं काय कळता कामा नाय. मी एकाहत्तरला किशोरला कळू दिलं नव्हतं. बाप पुन्याला ट्रेनिंगला गेलाय म्हनून सांगितलं. पोरगं आरामात वाढलं."

सविता म्हणाली, "हाई खरं शे मावशी. लखन तर टीव्हीमा बापले धुंडस." म्हणजे टीव्हीवर जवान दिसले की लखन त्यांत बाप शोधायचा.

मलाही ते पटलं. अशा वेळी कुणीतरी ठामपणे काही सांगितलं की बरं वाटतं. पेपर बंद झाला. पेपरवाला गावी गेला असं सांगितलं. आणि तिन्ही घरांतले टीव्ही एकाच दिवशी बिघडले. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा आम्हाला ती फार मोठी हुशारी वाटत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, सृष्टी पाचवीत गेली. पहिले काही दिवस ती गेली. मग एका सकाळी गणवेश घालून, वेण्या घालून झाल्यावर म्हणाली, पोटात दुखतंय. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. मिलिटरी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, काही नाही म्हणाले. घरी आली की पोटदुखी थांबायची, पण खेळायची नाही. फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. जेवायला हाक मारली तर ताट तिथंच मागायची. लखनचं वेगळंच. तो शाळेत जायचा, पण रोज कुणाला तरी मारून यायचा. सविता म्हणायची, "मना पोऱ्या आयकत नही वं ताई. आते काय करू?"

शाळेतून निरोप आला, मुलगी अशीच घरी राहिली तर अभ्यास बुडेल, वाटल्यास गावी नेऊन एक वर्ष थांबवा. माझी आईही सिन्नरहून तेच सांगत होती. मला रात्रंदिवस दोनच गोष्टी दिसायच्या. तिकडे बर्फात ते, आणि इकडे पायरीवर ही. तिकडचं माझ्या हातात नव्हतं. इकडचं तरी असायला हवं होतं ना? वर्षभर कष्ट करून मुलीनं भाषा मिळवली, मैत्रीण मिळवली. आता ती शाळाच सोडून बसली तर त्यांना पत्रात मी काय लिहिणार होते?

अशा एका रविवारी किशोर सातपूरहून आला. त्याला पायरीवरची सृष्टी दिसली. त्यानं विचारलं, आणि बाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुला नाय का मी कसं सांभाळलं, काय सुदिक कळू न देता. मग या पोरीला काय झालंय ते मला समजंना."

किशोर चहात बटर बुडवत होता. तो थांबला. "आई, मला सगळं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाबा लढाईवर आहेत ते. पुण्याला नाहीत ते."

"कुनी सांगितलं?"

"तूच. तू भाकरी मोडायचीस आणि तशीच ठेवायचीस. ज्या दिवशी भाकरी तशीच, त्या दिवशी रेडिओवर काहीतरी वाईट सांगितलेलं. आणि मास्तरांनी मला मारायचं बंद केलं. पाढा चुकला तरी हात लावायचे नाहीत, उलट डोक्यावरून हात फिरवायचे. तेव्हा तर माझी खात्रीच पटली, बाप गेला आणि मला कुणी सांगत नाही."

तात्या खाटेवर बसले होते. त्यांनी मान वळवली. "अरे, मग मला कवा बोलला नाय."

"काय बोलणार? तुम्ही आलात ना परत."

मला वाटलं, बाई आता त्याला झापतील किंवा रडतील तरी. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. किशोरचा कप उचलून मोरीत ठेवला, हात पुसले आणि चपला न घालता फाटकाकडं गेल्या. मी मागं मागं गेले आणि शेवग्याखाली थांबले. पायरीवर सृष्टीच्या शेजारी बसत त्या म्हणाल्या, "सरक जरा." मग थोडा वेळ दोघी रस्ताच बघत होत्या. एक मिलिटरीचा ट्रक आला आणि पुढं गेला. सृष्टीनं फ्रॉकचा काठ मुठीत आवळला आणि ट्रक गेल्यावर सोडला. मी रोज लांबून बघत होते, पण ते मला त्या दिवशी दिसलं. बाईंनाही दिसलं.

"गाडीची वाट बघती का?"

सृष्टीनं मान हलवली. नाही म्हणाली, मग हो म्हणाली. "गाडी येईल तेव्हा मी घरी असायला पाहिजे."

"कोनती गाडी?"

मग तिनं जे सांगितलं ते मला आई असून माहीत नव्हतं. फिरोजपूरला तिच्या वर्गात रीना नावाची मुलगी होती. तिचे वडील एका अपघातात गेले. क्वार्टरसमोर गाडी थांबली, साहेबांच्या मेमसाहेब उतरल्या, आणि सगळ्या लाइनीला समजलं. शाळेतल्या बाईंनाही निरोप गेला. रीना मात्र त्या वेळी डबा खात होती, हसत होती. शाळा सुटेपर्यंत तिला कुणी काही सांगितलं नाही. "सगळ्यांना माहीत होतं, आजी. फक्त तिलाच नव्हतं. तिनं मला तिच्या डब्यातलं लोणचं पण दिलं." आणि मग म्हणाली, "तुम्ही पेपर बंद केला. टीव्ही बंद केला. शाळेत बाई मला गृहपाठ विचारत नाहीत. जी मुलं मला हिंदीवाली म्हणायची, ती आता मला खाऊ देतात."

वत्सलाबाईंनी पदरानं आपलंच तोंड पुसलं. म्हणाल्या, "चुकलं माझं. मला वाटलं लपवलं की पोरांना झोप लागती. उद्या पेपर येईल. बिघडलेला टीव्ही पन सुधरंल. आतापर्यंत पप्पाचं काही वाईट कळलेलं नाय, शप्पथ. आता पुढचं ऐक. खबर आली, कसली बी, तर ती तुला शाळेत येऊन मी सांगीन. तास चालू असंल तरी येईन. तू घरी येईस्तोवर थांबनार नाय."

सृष्टीनं विचार केला. "आईच्या आधी सांगाल?"

"तसं कसं? फोन तिनं उचलला तर तिला आधी कळंल. आईच्या मागोमाग तुला."

"सगळं सांगाल? अर्धं नाही?"

"जेवढं मला कळंल तेवढं सगळं."

ती लगेच उठली वगैरे नाही. अंधार पडेपर्यंत तिथंच बसली. पण सोमवारी सकाळी दप्तर घेतलं. फाटकापाशी वत्सलाबाईंकडं एकदा वळून बघितलं, आणि गेली.

बाईंना शब्द एवढ्या जपून द्यायची सवय होती की दिल्यावर त्याची व्यवस्था लावायला त्या लगेच निघायच्या. त्याच दुपारी मला घेऊन शाळेत आल्या. वर्गशिक्षिकांना म्हणाल्या, "बाई, दोन कामं हायेत. मी कवा बी आले तर मला वर्गापतुर येऊ द्या. आन गृहपाठ नसंल केला तर वरडा तिला."

वर्गशिक्षिका गोंधळल्या. "अहो, पण आत्ताच्या परिस्थितीत तिला कसं..."

"आत्ताच वरडा. तुमी वरडल्याबिगर तिला खरं वाटायचं नाय की सगळं ठीक हाय."

मुख्याध्यापकांनी तेवढ्यात येऊन सांगितलं की जवानांच्या मुलांचा सत्कार करायचा विचार आहे, स्टेजवर बोलावून. माणूस चांगला होता, मनापासून सांगत होता. बाई म्हणाल्या, "करा की सर. पन बाप घरी आल्यावर, बापासकट करा. आत्ता पोरांना वर उभं केलं तर ती खाली बसलेल्यांची तोंडं वाचत्यात." सरांनी थोडा विचार केला आणि कार्यक्रम पुढं ढकलला. मला त्या सरांचंही आजवर कौतुक वाटतं. मोठ्या माणसांना ठरवलेलं पुढं ढकलणं जमत नाही.

पेपर परत सुरू झाला. आता लखनही ऐकायला बसायचा. वाईट बातमी आली की तात्या ती टाळायला सांगायचे नाहीत. वाचून झाल्यावर त्या डोंगरावर चढायला काय लागतं, थंडीत बूट कसे कडक होतात, जेवण कसं पोचतं, असं काहीबाही सांगायचे. लखननं शाळेत मारामारी एकदम थांबवली नाही, पण कमी केली. आता तो मारायच्या आधी कारण सांगायचा म्हणे.

फोन जुलैत आला, वत्सलाबाईंच्याच घरी. मी उचलला. रेजिमेंटमधले त्यांचे सहकारी बोलत होते. तोफगोळ्याची कपची लागली, डावा हात. जिवाला धोका नाही. श्रीनगरच्या इस्पितळात हलवलंय, डाव्या हाताची दोन बोटं बहुतेक काढावी लागतील. मी 'हो, हो' म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर जमिनीवर बसले. बाईंनी मला पाणी दिलं, सगळं दोनदा वदवून घेतलं, आणि पदर सावरत खुंटीवरची पिशवी काढली.

"मावशी, कुठं निघालात?"

"शाळेत."

"पाच वाजता येईलच ती. जिवाला धोका नाही म्हणालेत. शाळा तरी नीट होऊ दे तिची. आणि बोटांचं आत्ता नको. ते नंतर हळूहळू सांगू."

त्या दारात थांबल्या. रागावल्या नाहीत. "सृष्टीची आई, ती आत्ता वर्गात हसत असंल. आपल्याला कळल्यापासून ती जेवढा वेळ हसनार, तेवढा वेळ आपन तिला फसवतोय. आन बोटं नाय सांगितली तर अर्धंच सांगितलं. चल, तोंड धू."

रिक्षानं गेलो. फाटकावर शिपाई नवा होता, त्यानं अडवलं. मधल्या सुट्टीशिवाय पालकांना आत सोडत नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, "मी पालक नाय. मी शब्द दिलेली हाय." त्याला काही समजलं नाही, पण त्यानं सोडलं.

वर्गशिक्षिकांनी सृष्टीला व्हरांड्यात आणलं. आम्हाला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. एवढीशी झाली. वत्सलाबाई गुडघ्यावर हात टेकून तिच्यासमोर खाली बसल्या, आणि त्यांनी आधी 'बाळा' म्हटलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. पहिलंच वाक्य, "पप्पा जिवंत हाये." मग बाकीचं, फोनवर आलं तसं, त्याच क्रमानं. हात. इस्पितळ. बोटं.

"कुठला हात?"

"डावा."

"कुठली बोटं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, करंगळी आणि तिच्याजवळचं. सृष्टीनं स्वतःचा डावा हात पुढं धरला, ती दोन बोटं दुमडली आणि बाकीच्या तीन बोटांनी हातातली वही धरून बघितली. वही राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती माझ्या पोटाशी येऊन रडली, चांगली मोठ्यानं, नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा. रडून झाल्यावर वत्सलाबाईंना म्हणाली, "आणखी काही नाही ना?"

"मला कळलं ते सगळं तुला सांगून झालं."

"मग मी जाऊ आत? भूगोल चाललाय."

वर्गशिक्षिका म्हणाल्या, घरी जा हवं तर. ती नको म्हणाली आणि गेली. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या त्या शाळा सुटेपर्यंत उठल्या नाहीत. मीही बसले. आतून तिचा आवाज येत होता, नद्यांची नावं सांगताना.

पुढं आम्ही आणखी दोन वर्षं त्या खोलीत राहिलो. मग बिकानेर, मग परत नाशिक, मग सिकंदराबाद. सृष्टीनं आणखी तीन शाळा बदलल्या. पोट परत कधी दुखलं नाही. प्रत्येक नव्या ठिकाणी मी पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटत असे आणि वत्सलाबाईंची तीच दोन कामं सांगत असे. काही शिक्षिका हसायच्या, काहींनी ती मनापासून केली. त्या सगळ्यांचे मी आभार मानते. बाईंच्या खोल्यांत नवे भाडेकरू येत राहिले, नवी मुलं तात्यांना पेपर वाचत राहिली. तात्यांचं ऑपरेशन होऊन त्यांना चांगलं दिसायला लागलं होतं, तरीही. दोन हजार सहा साली बाई गेल्या तेव्हा आम्ही सिकंदराबादला होतो. जाता आलं नाही. सविता गेली होती. तिनं सांगितलं, अंगणात उभं राहायला जागा नव्हती, आणि कितीतरी पोरं गणवेशात आली होती, काही शाळेच्या, काही फौजेच्या.

पण बाईंचं मोल मला नेमकं समजलं ते त्याच्या कितीतरी आधी, नव्व्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर. सृष्टीचे पप्पा सुट्टीवर आले. नाशिकरोड स्टेशनवर माझे दीर, माझे वडील, शेजारची माणसं, हार घेऊन पंधरावीस जण. ते डब्यातून उतरले. हाताचं बँडेज निघालं होतं. आणि मी बघितलं, सगळ्यांची नजर एकदा त्या हातावर जाते आणि घाईनं दुसरीकडे वळते. दिरांनी हार घातला तो आभाळाकडं बघत. माझ्या वडिलांनी त्यांचा उजवा हात धरून ठेवला, सोडेचनात. मी, त्यांची बायको, मलाही तिकडं बघवेना. तेही डावा हात पाठीमागं धरून उभे होते.

सृष्टी गर्दीतून पुढं गेली, त्यांच्या पाठीमागून फिरली आणि तोच हात धरला. आधीपासून ठरवल्यासारखा. दोन बोटं नव्हती तिथली जागा तिनं अंगठ्यानं एकदा चाचपली आणि म्हणाली, "आई म्हणाली होती तेवढंच आहे. चला, रिक्षा करायचीय."

ते तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढं घेतला, आणि घरापर्यंत तिच्या हातातच राहू दिला.